१९१८ ची जर्मन क्रांती: नक्की कुठल्या टोकाने वाचायची?

कुंपणावरचा_सरडा

मंडळी, आधीच सांगतो, मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, पोटापाण्यासाठी हिशेब तपासतो. युरोपातल्या कामगार चळवळी वाचायचा नाद दोन वर्षांपासून लागलाय. सुरुवात सगळ्यांसारखीच रशियापासून केली. १९१७, लेनिन, विंटर पॅलेस वगैरे बरंच वाचून झालं, मराठीतही भरपूर मिळतं. मग वाटलं आता जर्मनी बघू, आणि तिथे जे अडकलोय ते अडकलोच.

अडलंय कुठे ते सांगतो. जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे त्या काळी कामगार चळवळीतला थोरला भाऊ. १९१२ च्या निवडणुकीत ११० जागा, संसदेत सगळ्यात मोठा पक्ष, दहा लाखांवर सभासद, नव्वदेक दैनिकं, गायन मंडळं, सायकल क्लब, माणूस जन्मापासून मसणापर्यंत पक्षातच राहू शकेल असा सगळा संसार. आणि हाच पक्ष ४ ऑगस्ट १९१४ ला उठून युद्धाच्या कर्जाला एकमुखाने मत देतो. आदल्या दिवशी आतल्या बैठकीत ७८ विरुद्ध १४ अशी फूट होती, आणि गंमत म्हणजे त्या १४ मधल्याच हासं नावाच्या पक्षाध्यक्षाला दुसऱ्या दिवशी उभं राहून पाठिंब्याचं निवेदन वाचून दाखवावं लागलं. पक्षातल्या कट्टर डाव्या लीबक्नेख्तनेसुद्धा त्या दिवशी शिस्त म्हणून हो म्हटलं, त्याचा एकट्याचा "नाही" आला तो डिसेंबरात.

पुढे चार वर्षं युद्ध, मग नोव्हेंबर १९१८ मध्ये कीलच्या बंदरात खलाशी उठतात आणि आठवड्याभरात कैसर गायब. ९ तारखेला दुपारी याच पक्षाचा नेता शायडमान संसदेच्या कँटीनमध्ये बटाट्याचं पातळ सूप पीत बसलेला असतो, लोक सांगत येतात की लीबक्नेख्त प्रजासत्ताक जाहीर करणार आहे, म्हणून हा सूप टाकून खिडकीत जातो आणि स्वतःच जाहीर करून मोकळा होतो. परत आल्यावर पक्षप्रमुख एबर्ट, ज्याच्या हातात त्याच दिवशी सरकार आलेलं असतं, त्याच्यावर खेकसतो की तुला हा अधिकार दिला कोणी. दोन तासांनी लीबक्नेख्त राजवाड्यावरून दुसरं प्रजासत्ताक जाहीर करतो. इथपर्यंत वाचायला मजा येते.

पण पुढच्या दोन महिन्यांत समाजवाद्यांचं सरकार समाजवाद्यांवर तोफा डागतं आणि १५ जानेवारीला लीबक्नेख्त आणि त्याची साथीदार रोझा लक्झेंबर्ग दोघांना मारून टाकतात. हे झालं कसं? एक पुस्तक वाचलं तर एबर्ट गद्दार. दुसरं वाचलं तर एबर्टने देशाला यादवीतून वाचवलं. दोन्हीत तारखा त्याच, माणसं तीच. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर व्हाउचर तेच आणि ताळेबंद दोन. जाणकारांनी सांगा, कुठून सुरुवात करू?

लिंबूटिंबू

वाखुसा (वाचनखूण साठवली). वाचतोय.

चिडका_बिब्बा

यात अवघड काय आहे ते मला कळलेलं नाही. १० नोव्हेंबरला रात्री एबर्टने सेनापती ग्रोनरशी फोनवर सौदा केला, लष्कर सरकारला पाठिंबा देणार आणि सरकारने अधिकाऱ्यांचा मान ठेवायचा, बोल्शेव्हिकांना आवरायचं. त्याच दिवशी दुपारी सर्कस बुशच्या इमारतीत कामगार-सैनिकांच्या तीन हजार प्रतिनिधींसमोर हा माणूस क्रांतीचा पुढारी म्हणून निवडून आला होता. दुपारी यांच्याकडून हार घालून घ्यायचे आणि रात्री त्यांना फोन करायचा! याला गद्दारी नाही तर काय म्हणतात? बाकी सगळी पुस्तकं म्हणजे त्या फोनवरची सारवासारव आहे.

अडाणी_मास्तर

सरडेभाऊ, तुमचा प्रश्न चांगला आहे पण टोक चुकलंय असं मला वाटतं. तुम्ही नेत्यांच्या बाजूने वाचताय. एबर्ट, रोझा, लीबक्नेख्त, एबर्टतर्फे लष्कर सांभाळणारा नोस्क. त्या बाजूने गेलं की शेवटी निष्ठा आणि गद्दारी एवढंच हातात उरतं, बिब्बेसाहेबांसारखं (रागावू नका हो).

मी म्हणतो लेथपासून सुरुवात करा. खरंच, लेथ मशीन. बर्लिनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत तोफगोळे घडवायला टर्नर लागायचे. कसबी माणूस, त्याला खंदकात पाठवला तर गोळे बनवणार कोण, म्हणून सरकारलाही त्याला हात लावताना दहादा विचार करावा लागायचा. आणि टर्नर थांबला की पुढची सगळी लाईन थांबते. तर या टर्नरांच्या युनियनमधले कारखान्या-कारखान्यातले विश्वासू लोक गुपचूप एकत्र आले, त्यांना क्रांतिकारी ओबलॉइट म्हणत, आपल्या भाषेत खात्याचा प्रतिनिधी म्हणा. म्होरक्या होता रिचर्ड म्युलर, तो स्वतः टर्नर. यांचे ना जाहीरनामे ना सभा, पत्रकं तर जवळजवळ नाहीतच. पण जून १९१६ मध्ये लीबक्नेख्तवर खटला चालला तेव्हा यांनी बर्लिनमध्ये ५५ हजार माणसं बाहेर काढली. एप्रिल १९१७ ला ब्रेडचं रेशन कापलं तेव्हा त्याच्या कितीतरी पट. आणि जानेवारी १९१८ ला एकट्या बर्लिनमध्ये ४ लाख.

हा जानेवारीचा संप नीट वाचा. मागण्या काय होत्या: भूभाग न बळकावता तह, सगळ्यांना मताधिकार, पोटभर अन्न, राजकीय कैद्यांची सुटका. सरकारने संप मोडला आणि शिक्षा म्हणून संपकऱ्यांना आघाडीवर धाडलं, म्युलरलाही वर्दी चढवली. म्हणजे बर्लिनमध्ये जी आग होती ती स्वतःच्या हाताने वेचून सैन्यात नेऊन ठेवली. मग ऑक्टोबरअखेर नौदलाच्या वरिष्ठांना मानाची म्हणून एक शेवटची लढाई लढायची हुक्की येते, तहाची बोलणी चालू असताना. खलाशी म्हणतात आम्ही नाही मरणार, आणि बोटींवरचे स्टोकर भट्ट्यांमधला जळता कोळसा ओढून बाहेर काढतात. वाफच नाही तर बोट जाणार कुठे?

एक अजून. ज्यांना आपण गद्दार म्हणतो ते बघा कोण होते. एबर्ट खोगीर शिवणारा. नोस्क टोपल्या विणणारा, शायडमान छापखान्यातला खिळे जुळवणारा. आणि क्रांतिकारकांमध्ये लीबक्नेख्त वकील, रोझा झ्युरिकची डॉक्टरेट. "कामगार विरुद्ध कामगारांचे शत्रू" असं सरळ चित्र यात बसत नाही.

चिडका_बिब्बा

मास्तर, हातात काय होतं यावरून माणूस कुठे उभा राहिला ते ठरत नाही. नोस्कने जानेवारीत स्वतःच म्हटलं की कोणालातरी शिकारी कुत्रा व्हावंच लागेल, मी जबाबदारी टाळणार नाही. टोपल्या विणणाऱ्याचे उद्गार आहेत हे. पुढे फ्रायकोर नावाच्या खासगी पलटणींचे भाडोत्री सैनिक बर्लिनमध्ये घुसले ते त्याच्याच सहीने.

अडाणी_मास्तर

ते मान्यच आहे, नोस्कची वकिली करायला मी बसलेलो नाही. पण मग हे कसं बसवता ते सांगा. १६ ते २० डिसेंबरला बर्लिनमध्ये देशभरच्या कामगार-सैनिक परिषदांची (कारखान्यांनी आणि पलटणींनी निवडलेल्या समित्यांची) काँग्रेस भरली. सत्ता त्यांच्या हातात होती. प्रश्न असा की परिषदांचंच राज्य ठेवायचं की संसदेची निवडणूक घ्यायची. निकाल: परिषदांच्या राज्याच्या बाजूने ९८, विरोधात ३४४. निवडणूक १९ जानेवारीला, तीही ठरली तिथेच. रोझा आणि लीबक्नेख्त तर त्या सभेत प्रतिनिधीही नव्हते, त्यांना नुसतं पाहुणे म्हणून बोलू द्या असा ठराव आला तोही पडला.

आपला म्युलर तिथे गेला होता. त्याने आधी कुठेतरी आवेशात म्हटलं होतं की निवडणुकीकडे जायचा रस्ता माझ्या प्रेतावरून जातो. निवडणूक ठरली, म्युलर जिवंत. लोकांनी त्याचं नाव पाडलं "प्रेत-म्युलर", आणि ते त्याला शेवटपर्यंत चिकटलं. पण हाच माणूस पुढे १९२४-२५ मध्ये या सगळ्याचा तीन खंडांत इतिहास लिहून गेला, कागदपत्रं जपून ठेवली होती त्याने. नेते भाषणं ठोकत होते तेव्हा हा टर्नर मिनिट्स गोळा करत होता.

चिडका_बिब्बा

३४४ विरुद्ध ९८ सांगितलंत, पण त्याच सभेने अजून काय पास केलं ते का गाळलंत? हाम्बुर्गचे मुद्दे म्हणून प्रसिद्ध आहेत. खांद्यावरची पदचिन्हं रद्द, अधिकारी सैनिकांनी निवडायचे, शिस्त सैनिक परिषदांकडे. आणि खाणीसारखे तयार झालेले उद्योग ताबडतोब समाजाच्या मालकीचे करा, हाही ठराव होता. एबर्टने संसदेचा ठराव तेवढा उचलला आणि सैन्याचा ठेवला गुंडाळून, कारण ग्रोनरने राजीनाम्याची धमकी दिली. लोकांचा कौल मानायचा तर सगळा माना ना! बुफेमधल्यासारखं जे आवडलं तेवढंच ताटात घेऊन कसं चालेल?

अडाणी_मास्तर

हा मुद्दा बरोबर. मागे घेतो. त्या लोकांना संसदही हवी होती आणि सेनाधिकाऱ्यांचा माजही उतरवायचा होता, दोन्ही एकदम, आणि यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं.

चकलीताई

एवढ्या पुरुषमंडळींत जरा मध्येच बोलते. १९१६-१७ चा हिवाळा जर्मनीत "टर्निपचा हिवाळा" म्हणून ओळखला जातो हे कोणी लिहिलंच नाही. बटाट्याचं पीक गेलं, समुद्रात ब्रिटिशांची नाकेबंदी, मग गुरांना घालायचा तो सलगमसारखा जाडा कंद माणसांना खायला. त्याचा ब्रेड, त्याचा जॅम, तो वाळवून भाजून त्याची कॉफीसुद्धा. दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बायका सुटल्यावर रात्री दुकानासमोर रांगेत उभ्या राहायच्या. मास्तर, तुमच्या लेथवर १९१७ पर्यंत बायकाही उभ्या होत्या बरं का. रेशन कापल्यावर जे रस्त्यावर आले त्यात टर्नर किती आणि रांगेतल्या बायका किती, हे पण विचारा.

आणि १२ नोव्हेंबर १९१८ हा दिवस माझ्या मते ९ तारखेपेक्षा मोठा. त्या दिवशीच्या जाहीरनाम्यात सेन्सॉरशिप रद्द, १ जानेवारीपासून आठ तासांचा दिवस, आणि वीस वर्षांवरच्या सगळ्यांना मत, बायकांसकट. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी मिळालं ते तिशीच्या पुढच्यांना आणि अटींसकट, फ्रान्सच्या बायका १९४४ पर्यंत थांबल्या. १९ जानेवारीच्या निवडणुकीत ३७ बायका निवडून आल्या. फेब्रुवारीत मारी युखाझ संसदेत बोलायला उभी राहिली, जर्मन संसदेत बोललेली ती पहिली बाई. म्हणाली, आम्ही सरकारचे आभार मानणार नाही, जे आमचंच होतं आणि अन्यायाने ठेवून घेतलं होतं तेच परत दिलंय.

पण लगेच दुसरी बाजू. सैनिक घरी परतले तशी कारखान्यांतून बायकांना घरी पाठवायला सुरुवात झाली, आणि युनियनचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. मत मिळालं, मशीन गेलं. ही पण क्रांतीच्या हिशेबात धरा सरडेभाऊ.

लिंबूटिंबू

चकलीताई +१. "मत मिळालं, मशीन गेलं" आवडलं.

परळकर

मी धागा उशिरा बघितला. मी काही एवढं वाचलेलं नाही, मास्तरांनी सुचवलं म्हणून ५ आणि ६ जानेवारी १९१९ बद्दल वाचलं आणि रात्री झोप नाही लागली.

झालं असं की पोलीस कमिशनर आयख्होर्न डाव्या गटाचा, त्याला सरकारने काढला, म्हणून निषेधाची हाक दिली. वाटलं होतं बरी गर्दी होईल. ५ तारखेला रविवारी माणसांचा समुद्र आला, काहींकडे बंदुका. कोणीतरी उत्साहात एबर्टच्या पक्षाच्या फोरवेर्ट्स पेपरची इमारतच ताब्यात घेतली, ठरलेलं काही नव्हतं. मग रात्री कमिटी बसली, भली मोठी, तीन-तीन अध्यक्ष. ठरलं की सरकार पाडायचं. खलाशांची डिव्हिजन येईल असं कोणीतरी म्हणालं, खलाशांनी सांगितलं आम्ही तटस्थ. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाखो लोक थंडीत, धुक्यात उभे, सकाळपासून. आत कमिटी चर्चा करतेय. दुपार झाली, चर्चा. अंधार पडला, चर्चा. मग माणसं घरी गेली.

१९८२ च्या संपात मी गिरणीत होतो, वय पंचवीस. गेटवर उभं राहून आतून निरोप यायची वाट बघणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. पहिले दोन तास घोषणा जोरात, मग कोणीतरी तंबाखू मळायला घेतो, मग एकजण म्हणतो जरा घरी जाऊन येतो, लेकीला ताप आहे. आणि तो गेला की त्याच्याकडे बघून अजून चार. कोणी घाबरून जात नाही हो, कंटाळून जातात. पुस्तकात लिहिलंय "गर्दी पांगली". ती कशी पांगली असेल ते मला दिसतं.

बाकी रशियात काय वेगळं होतं, तर तिथे चर्चा करणारे आधीच चर्चा करून बसले होते, एवढंच मला समजलं. चुकत असेन तर सांगा.

अडाणी_मास्तर

परळकरकाका, चुकत नाही आहात. आणि एक भर: जर्मन कम्युनिस्ट पक्ष जन्माला येऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. ३० डिसेंबर ते १ जानेवारी स्थापना परिषद. त्यात रोझा सांगत होती की निवडणूक लढवू या, लोक अजून आपल्याबरोबर नाहीत. तिच्याच लोकांनी तो प्रस्ताव ६२ विरुद्ध २३ ने पाडला. म्हणजे ज्या बंडाला तिचं नाव चिकटलं, त्याआधीच्या आठवड्यात ती घाई करू नका म्हणून हरली होती.

बर्फातला_बटाटेवडा

मी बर्लिनमध्ये राहतो, दहा वर्षं झाली. लांडवेअर कालव्याच्या काठाने, प्राणिसंग्रहालयाच्या मागे, माझा रोजचा सायकलचा रस्ता आहे. तिथे काठावर रोझाचं नाव लोखंडी अक्षरांत तिरकं पाण्यात उतरत जातं, जिथून तिला टाकलं असं मानतात तिथे. फार मोठं नाहीये, घाईत असाल तर दिसणारही नाही. हिवाळ्यात अक्षरांवर बर्फ बसतो, कुत्री फिरवणारे लोक जात-येत असतात, आणि पलीकडून प्राण्यांचे आवाज. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला वाटलं कुठल्यातरी पुलाचं रेलिंग तुटून राहिलंय.

तिला हॉटेल ईडनमधून बाहेर आणताना रुंगं नावाच्या शिपायाने बंदुकीचा दस्ता घातला, गाडीत गोळी, मग कालवा. प्रेत सापडलं थेट मेअखेरीस. लीबक्नेख्तला टिअरगार्टनमध्ये मारून "अनोळखी पुरुषाचं प्रेत" म्हणून जमा केलं. रुंगंला दोन वर्षं झाली. हुकूम देणारा कॅप्टन पाब्स्ट, त्याच्यावर कधी खटला झाला नाही, १९७० पर्यंत जगला.

अजून एक. राजवाडा पूर्व जर्मनीने १९५० मध्ये पाडला, पण लीबक्नेख्तने जिथून घोषणा केली म्हणतात तो बाल्कनीचा दरवाजा तेवढा काढून नव्या सरकारी इमारतीत बसवला. ती इमारत आज मॅनेजमेंट शिकवणाऱ्या कॉलेजकडे आहे. समोर आता राजवाड्याची नवी नक्कल बांधलीये. म्हणजे नकली राजवाडा आणि अस्सल बाल्कनी, रस्त्याच्या दोन बाजूंना.

दर जानेवारीत दुसऱ्या रविवारी फ्रीडरिख्सफेल्डच्या स्मशानात लोक लाल कार्नेशन ठेवायला जातात. मी दोनदा गेलोय, बायको म्हणते फुलं वाहायला गावाकडच्या देवाला जात नाहीस आणि इथे बरा जातोस.

सडेतोड७१

या कम्युनिस्टांनी रशियात काय दिवे लावले ते सगळ्या जगाने बघितलंय. बरं झालं जर्मनीत जमलं नाही. आणि आपल्याला काय घेणं युरोपशी?

चिडका_बिब्बा

आले. इनो घ्या.

अडाणी_मास्तर

बिब्बे, थांबा. सडेतोडराव, पहिल्या मुद्द्यावर: रशियात चाललेल्या गळचेपीवर १९१८ मध्ये तुरुंगात बसून सगळ्यात खणखणीत टीका कोणी लिहिली असेल तर रोझानेच. स्वातंत्र्य म्हणजे नेहमी वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य, हे वाक्य तिथलं. छापलं गेलं १९२२ मध्ये, ती गेल्यावर.

दुसरा मुद्दा, आपल्याला काय घेणं. ऑगस्ट १९०७, श्टुटगार्ट, समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय काँग्रेस. मादाम कामांनी भारताचा झेंडा फडकवला ती हीच. शाळेत आपण एवढंच शिकतो, जणू काही त्या एकट्याच हॉलमध्ये होत्या. त्याच काँग्रेसमध्ये युद्धावर ठराव झाला, आणि त्याला लेनिन, मार्तोव आणि रोझा यांनी मिळून दुरुस्ती घातली की युद्ध पेटलंच तर त्या संकटाचा उपयोग भांडवलशाही संपवायला करायचा. म्हणजे १९१४ मध्ये जे वचन मोडलं ते वचन दिलं गेलं तेव्हा मुंबईची एक बाई त्या हॉलमध्ये होती. तो झेंडा पुण्यात केसरीवाड्यात आहे, बघून या. पुढच्या वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, आणि त्याची दखल लेनिनने लेखात घेतली. परळकरकाका, तुमचेच पूर्वज.

परळकर

आजोबा १९०८ ला गावी होते, पण चालेल 🙂

चिडका_बिब्बा

मास्तरांचा लेथ मला पटलाय, पण माझा फोनही सोडत नाही. मार्च १९२० बघा. काप नावाचा माणूस आणि फ्रायकोर बर्लिन ताब्यात घेतात, लष्कर सरकारला वाचवायला नकार देतं, म्हणजे १९१८ च्या फोनची किंमत काय ती कळली. सरकार पळून जातं. वाचवतं कोण? सर्वसाधारण संप. वीज नाही, पाणी नाही, ट्राम नाही, कापला एक जाहीरनामा धड छापता येईना. चार दिवसांत पळाला. आणि संप जिंकल्यावर रुरच्या खाणीतले जे कामगार हत्यारं खाली ठेवायला तयार नव्हते, त्यांच्यावर सरकारने कोणाला पाठवलं? त्याच पलटणी. बंडात सामील होत्या त्यासुद्धा. आता बोला.

अडाणी_मास्तर

यावर काही बोलायचं नाही. खरं आहे.

कुंपणावरचा_सरडा

सगळ्यांचे आभार. चार दिवस वाचून मी सरळ माझ्या धंद्यावर आलो. वही घेतली, डावीकडे मागितलं काय, उजवीकडे मिळालं काय आणि टिकलं कधीपर्यंत. पुस्तकांचे निष्कर्ष बाजूला, नुसत्या मागण्यांच्या याद्या.

पहिलीच नोंद कीलची. ३ नोव्हेंबरला गोळीबारात ७ मेले, २९ जखमी, आणि दुसऱ्या दिवशी सैनिक परिषदेने १४ मुद्दे काढले. मला वाटलं होतं यात समाजवाद असेल. शब्दसुद्धा नाही! पकडलेल्यांना सोडा. बोलायचं, लिहायचं स्वातंत्र्य. आमची पत्रं उघडून वाचणं बंद. वरिष्ठांनी नीट वागवावं. बोटीवर परतणाऱ्याला शिक्षा नको. काही झालं तरी आरमार बाहेर काढायचं नाही. ड्युटी संपल्यापासून पुढची ड्युटी लागेपर्यंत माणूस पूर्ण मोकळा. आणि ज्या अधिकाऱ्यांना हे मान्य असेल त्यांचं स्वागत, बाकीच्यांनी पेन्शनबिन्शन न मागता निघायचं.

उजव्या रकान्यात आठ तासांच्या दिवसापुढे लिहिलंय: मिळाला १९१८, मालकांनी युनियनशी करारही केला १५ नोव्हेंबरला. त्याच्या खाली: डिसेंबर १९२३, सरकारी वटहुकमाने पुन्हा दहा तासांची वाट मोकळी. चकलीताईंचं "मशीन गेलं" वेगळ्या ओळीत घेतलंय. खाणींपुढे शून्य. पदचिन्हांपुढे शून्य. बिब्बेसाहेबांचा फोन कुठल्या रकान्यात टाकायचा ते अजून ठरत नाहीये, तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकलाय.

परळकर

ते ड्युटी संपल्यावर माणूस मोकळा, हे कलम आमच्या खात्यातल्या जॉबरला वाचून दाखवायला हवं होतं. रविवारी घरी बोलवून लाकडं फोडून घ्यायचा.

चकलीताई

सरडेभाऊ, म्युनिक राहिलं. आइसनर, टोलर, लांडावर, एप्रिल १९१९. पण ते इथे नको, त्याला वेगळा धागा काढा. त्यात कवी आहेत, भांडणं जास्त होतील.